बडीशेपेतली गोळी

आर. के. पुरम, नवी दिल्ली
२८ नोव्हेंबर २००१, बुधवार

प्रिय नचिकेत,

'प्रिय' लिहिलंय ते पत्राची सुरुवात तशी करायची असते म्हणून. अप्पांनी शिकवलेलं अजून सुटत नाही, इतकंच; उगाच हुरळून जाऊ नकोस. फोनवरच बोलले असते, पण फोनवर तू 'ताई, एक मिनिट हां, दुसरी लाइन येतेय' म्हणून जातोस तो पुढच्या आठवड्यात उगवतोस. शिवाय नवा मोबाइल कानाला लागला की तुला मराठी सुचत नाही, सगळं 'या या, बिल्कुल, नो प्रॉब्लेम' असं चालतं. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. गप्प बसून वाच.

आधी तुझ्या नीलगायीबद्दल. भाऊबीजेला गिरिजा तिच्या भावाकडे, गुणवंतकडे गाझियाबादला गेली होती, आणि तू राधाला घेऊन माझ्याकडे जेवायला आला होतास. दुपारी पोरीला मागच्या सीटवर बसवून निघालास आणि गुडगावच्या वाटेवर म्हणे नीलगाय आडवी आली. तिला वाचवायला तू स्टिअरिंग फिरवलंस आणि गाडी रस्ता सोडून एका नव्या टॉवरच्या बांधकामाच्या वाळूत शिरली. तुमच्या गुडगावात जिथे तिथे वाळूचे ढीग असतात म्हणून मी नेहमी नाक मुरडायचे. आता त्या बिल्डरला मिठाईचा डबा पाठवावा म्हणते. तिथे भिंत असती तर हे पत्र कुणाला लिहिलं असतं? राधाचं खांद्याचं हाड मोडलं, तुझ्या कपाळाला टाके पडले आणि तू मुक्या जनावराचा जीव वाचवणारा म्हणून सोसायटीत मोठा झालास. जंगली जनावरांचा बंदोबस्त करा असा अर्ज तुमच्या सोसायटीने दिलाय आणि त्यावर पहिली सही तुझी आहे, हे ऐकून मी ऑफिसात एकटीच हसले. धन्य आहेस बाबा. नीलगायीला बोलता येत नाही हे तुझं नशीब.

हॉस्पिटलात पोचले तेव्हा मात्र हसू आलं नव्हतं. तुझी जीभ कडेने चावलेली होती, पँट ओली होती आणि मला ओळखायला तू वेळ लावलास. डोक्याला मार बसला की होतं असं, असं तिथला तरुण डॉक्टर म्हणाला आणि तू डोळे मिटून त्याला दुजोरा दिलास. नचिकेत, अशी जीभ मी तू एकोणीस वर्षांचा असल्यापासून बघतेय. पहिल्यांदा तू न्हाणीघरात कडी लावून पडलास आणि अप्पांनी दार तोडलं. दुसऱ्यांदा कॉलेजच्या कँटीनमध्ये, तेव्हा तुझ्या मित्रांनी तुला रिक्षात घालून आणलं. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सगळं तपासून शांतपणे सांगितलं होतं की हे फेफरं आहे, रोज सकाळ-रात्र गोळी घ्यायची, एकही चुकवायची नाही. मग शिका, नोकरी करा, लग्न करा, गाडी मात्र आम्हाला विचारल्याशिवाय चालवू नका. यात न कळण्यासारखं काय होतं? पण आपल्या घरात त्या आजाराला नावच नव्हतं. 'ते' म्हणायचे सगळे. 'आज ते झालं नाही ना?' असं आई विचारायची, जसं काही घरात कुणी परका येऊन राहिलाय आणि त्याचं नाव घेतलं तर तो कायमचाच मुक्काम टाकेल.

आणि मग आईने ते माझ्या नावावर करून टाकलं. वरच्या मजल्यावरच्या मालूताई साखर मागायला आल्या आणि ओट्यावर गोळ्यांचं पाकीट बघून 'कुणाच्या हो या?' असं त्यांनी विचारलं. आईने कढईतला झारा न थांबवता 'आमच्या अहिल्येच्या' म्हणून सांगितलं. मी तिथेच कणीक मळत होते. मालूताई गेल्यावर आई म्हणाली, तुझं काय बाई, तुला सरकारी नोकरी आहे, त्याच्या मात्र उद्या लग्नाचा प्रश्न येईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाची मूठ आणि कुणाचे सव्वा लाख हे मी विचारलं नाही. तू दारात उभा होतास. तुझ्या तोंडावर जे हसू आलं ते मी अजून विसरलेले नाही. लाज वाटल्याचं नव्हतं ते, सुटल्याचं होतं.

मालूताईंना सांगणं म्हणजे मंडळाच्या गणपतीत माइकवरून सांगण्यासारखंच. आठवड्याभरात आर. के. पुरमातल्या प्रत्येक मराठी घरात अहिल्येला फिट येतात हे पोचलं, तिथून ते माझ्या मंत्रालयात आलं. तिथे ते हिंदीत झालं, 'मिरगी'. एकदा पडलेली फाइल उचलायला मी खाली वाकले आणि जरा सावकाश उठले, तर आमच्या सेक्शनमधल्या मिसेस दहिया हातात चप्पल घेऊन धावत आल्या, मला हुंगवायला. 'घबराओ मत बहनजी, मैं हूँ ना!' बाई मनाने चांगली. तेव्हापासून त्यांच्या ड्रॉवरमध्ये माझ्यासाठी एक कांदा असतो, चपलेपेक्षा जरा सभ्य म्हणून. मला आयुष्यात एकदाही फिट आलेली नाही आणि तुझ्या वाटचा कांदा माझ्या वाट्याला आहे. तू मात्र हा किस्सा ऐकून पोट धरून हसला होतास.

विश्वनाथ आठवतो? नसेल आठवत. सोलापूरचा, आमच्याच ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर बसायचा, दोन वेळा घरी चहाला आला होता. त्याच्या आईने मंडळात चौकशी केली आणि तो चहाला यायचा बंद झाला. एक दिवस बसस्टॉपवर गाठून त्याने मला सरळ विचारलं, खरं आहे का म्हणून. तुझ्यासाठी गिरिजाच्या घरची बोलणी चालली होती त्या वेळी. मी हो म्हटलं. आईने त्या दिवशी श्रीखंड केलं होतं, तुझी पत्रिका जुळली म्हणून, आणि तू दोनदा मागून घेतलंस. आज विचारते, तुला माहीत होतं ना, मी त्याला काय सांगून आले ते? माहीत होतं. आईने तुला सांगितलं होतं आणि तू 'ताईला काय, ती स्ट्राँग आहे' म्हणालास. तुझ्यासारख्यांना दुसऱ्याची ताकद फार आवडते.

लग्नानंतर तुझी कसरत बघण्यासारखी होती. दुसऱ्याच दिवशी आईने गिरिजाला बाजूला घेऊन माझ्या 'आजाराची' कल्पना दिली. घाबरू नकोस, ती गोळ्या घेते, असं सांगितलं. मग रोज रात्री जेवण झालं की मी तिच्यादेखत गोळ्या काढायच्या, पाण्याचा घोट घ्यायचा, आणि बडीशेपेचा डबा उघडून तुझ्या तळहातावर चिमूटभर बडीशेप ठेवायची, तिच्यात गोळी. तू ती तोंडात टाकून चघळल्याचं नाटक करायचास. सकाळी तेच, चहाच्या बशीखालून. पाच-सहा वर्षं हे चाललं आणि त्या काळात तुला 'ते' एकदाही झालं नाही. गिरिजा म्हणायची, बहीण-भावाचं किती प्रेम आहे, रोज बडीशेपसुद्धा ताईच्या हातची लागते. तेव्हा तू तिच्याकडे बघून मान डोलवायचास. मला तेव्हाच तुझी किळस यायला हवी होती, पण मला वाटायचं, गोळी पोटात जातेय ना, मग झालं.

मग देश खुला झाला आणि तूही मोकाट सुटलास. सरकारी उपक्रमातली नोकरी सोडलीस, परदेशी कंपनीत गेलास, गुडगावात अकराव्या मजल्यावर घर घेतलंस, जिथे वीज रोज जाते आणि लिफ्टमध्ये आरसा आहे. माझा बडीशेपेचा हात तिथे पोचेना. तुझ्या तिथल्या केमिस्टकडे गिरिजा जाते म्हणून गोळ्या अजून मीच विकत आणायच्या आणि तू शनिवारी येऊन न्यायच्यास, अमेरिकेहून आणलेल्या व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून. ती बाटली तुझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. म्हणजे सकाळची गोळी ऑफिसात पोचल्यावर, आठवली तर. रात्रीची, घरी गिरिजा असते म्हणून, नाहीच. रविवार म्हणजे गोळीलाही सुट्टी. आणि हाच माणूस कंपनीतल्या पोरांना हॉटेलात नेऊन वेळेचं नियोजन शिकवतो! तुझ्या खिशात ते यंत्र आहे, मीटिंगच्या आधी टिवटिव करणारं. त्याला गोळीची वेळ सांगायला काय झालं होतं? पण यंत्र वाजलं तर कुणी विचारलं असतं, साहेब, हे काय? साहेबांची अब्रू त्या एका टिवटिवीवर टांगलेली.

पुढे तू शनिवारी यायचाही बंद झालास. माझ्याकडे पाकिटं साठत गेली आणि मी फोन केला तर तू म्हणालास, अगं यार ताई, आता मला एकदम फिट वाटतं, त्या गोळ्या म्हणजे कुबड्या आहेत, आमच्या कंपनीने सकारात्मक विचारांचं शिबिर ठेवलं होतं, तिथल्या सरांनी सांगितलं की शरीर स्वतःला बरं करतं. ते सर आधी काय करायचे? तू स्वतःच सांगितलंस, वॉटर प्युरिफायर विकायचे. अरे, बरं वाटतंय ते गोळीमुळे. छत्रीखाली कोरडा राहिलास म्हणून छत्री फेकून दिलीस, आणि वर अक्कल पाजळतोस.

मी मात्र मोठ्या हॉस्पिटलातल्या त्या डॉक्टरांना जाऊन भेटले. केस पिकले त्यांचे, पण तुझं नाव सांगताच त्यांना आठवलं. गोळीने सुस्ती येते, हिरड्या सुजतात अशी तू माझ्याकडे तक्रार करायचास ना? तेही त्यांना सांगितलं. ते म्हणाले, मग मला का नाही सांगितलं, गोळी बदलता येते, मात्रा कमी-जास्त करता येते. आणि बरीच वर्षं काही झालं नाही तर बंद करायचाही विचार करता येतो, पण तो रोग्याने आणि डॉक्टरने मिळून आणि हळूहळू करायचा असतो, एका दिवसात नाही. चिडले नाहीत ते. म्हणाले, निम्मे लोक असंच करतात, त्यांना घेऊन या. हे मी तुला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तू 'श्योर' म्हणालास.

एक गोष्ट नीट समजून घे. तुझ्या आजाराची मला कधीही घृणा वाटली नाही. तुझी मान मी मांडीवर घेतलीय, तुझे कपडे मी धुतलेत, आणि तेव्हा माझ्या मनात फक्त माया होती. घृणा येते ती तुझ्या भित्रेपणाची, आणि त्याला तू जे ऐटबाज कपडे चढवतोस त्यांची.

कारण यापुढचं मी कधी बोलले नाही, ते आज बोलते. राधा झाली तेव्हा मी हरखून गेले होते. पण गिरिजा तिला माझ्या मांडीवर द्यायची ती स्वतः बाजूला बसून, एक हात दुपट्याखाली ठेवून. राधा चालायला लागली तरी बाल्कनीत माझ्याबरोबर एकटी नाही, बाजारात एकटी नाही, माझ्याकडे राहायला तर नाहीच. गिरिजाचं मी चूक म्हणत नाही. नणंदेला फिट येतात असं जिला सांगितलंय ती आई दुसरं काय करील? पण तू तिथेच सोफ्यावर बसलेला असायचास, पेपर वाचत. माझ्या हातातून पोर काढून घेतली जाताना तुझा पेपर जरासुद्धा हलायचा नाही. आणि त्याच पोरीला, गोळ्या सोडून दिलेल्या अवस्थेत, गाडीत घालून तू शंभरच्या वेगाने फिरवत होतास.

त्या भाऊबीजेच्या आधी तुमच्या सोसायटीत दिवाळीचे पत्ते चालले होते. तूच कौतुकाने सांगितलंस, सलग रात्री जागवल्या, काय माहोल होता म्हणून. गोळी नाही, झोप नाही, वर ग्लास. माझ्याकडे ओवाळून घेताना तुझ्या डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि मी म्हटलं, टॅक्सीने जा, तर तू हसलास. हॉस्पिटलात राधाच्या खाटेशी मी एकटी होते तेव्हा ती हळूच म्हणाली, आत्या, बाबा ना ऐसे ऐसे करत होते, आणि चांगल्या हाताने तिने ते करून दाखवलं. मग म्हणाली, पण बाबा म्हणाले की मला स्वप्न पडलं, तिथे गाय होती. 'आत्या, गाय थी क्या?' सात वर्षांची पोर, नचिकेत. तिने डोळ्यांनी पाहिलेलं तू खोटं पाडलंस, तेही टाके घालायच्या आधी, इतकी तुला घाई होती. आईने माझ्यावर आळ घातला तेव्हा मी निदान मोठी होते.

आता हे पत्र का, ते सांगते. काल अर्धी रजा टाकून मी गुडगावला गेले आणि गिरिजाला सगळं सांगितलं, न्हाणीघरापासून वाळूच्या ढिगापर्यंत. ती मटार सोलत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, अकोल्याच्या माझ्या मामाला होतं हे, तो सगळ्यांसमोर चहाबरोबर गोळी घ्यायचा, आम्ही पोरंच आठवण करायचो, मामा, गोळी! आणि म्हणाली, ताई, मला लग्नाआधी सांगितलं असतं तरी मी नाही म्हटलं नसतं. म्हणजे तुझी सगळी मर्दुमकी फुकट गेली, आणि माझं जे गेलं तेही. मग ती रडली. तुझ्यासाठी नाही, राधाला माझ्यापासून दूर ठेवलं म्हणून. या शनिवारी राधा माझ्याकडे राहायला येतेय, पहिल्यांदाच एकटी. डोळे पुसून गिरिजाने तुला फिट आली तर काय करायचं ते विचारून घेतलं. मी सांगितलं, कुशीवर वळव, तोंडात काही घालू नकोस, थांबेपर्यंत जवळ बस. गाडीची दुसरी किल्ली तिने पर्समध्ये टाकली, पहिली आज काढून घेईल. आणि शेवटी मला म्हणाली, त्यांना यातलं काही कळू देऊ नका. ते स्वतःहून मला सांगतात का, तेवढंच मला बघायचंय. शनिवारपर्यंत सांगितलं तर डॉक्टरांकडे मी बरोबर जाईन. नाही सांगितलं तर रविवारी राधाला तुमच्याकडून घेऊन मी गुणवंतकडे जाईन, मग परतायचं का ते तिथे ठरवीन. तिने माझा हात धरून शब्द घेतला आणि मी दिला. तो शब्द मी आज, एका दिवसात, मोडतेय; म्हणून फोन नाही, म्हणून हे कुरिअरने तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर. तुझी लायकी नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी लिहितेय, कारण ते घर मोडलेलं मला बघवणार नाही आणि तू मेलेला तर मुळीच नाही. वाचून फाडून टाक. शनिवारी घरात तुम्ही दोघंच असाल. तिच्यासमोर बस आणि सांग, कुणी सांगितलं नसताना, स्वतःच्या मनाने सांगतोयस अशा थाटात सांग. खोटं वागायची तुला सवय आहेच. एवढं एकदा खऱ्यासाठी वाग.

तुझीच, नाइलाजाने,
अहिल्याताई